सीडी १०० चं इंजिन पूर्ण खोललंय, आतले पार्ट नक्की कशाने धुवायचे?

वाईकर_९३

नमस्कार मंडळी. बाबांची हिरो होंडा सीडी १०० आहे, १९९३ ची, एमएच ११ पासिंग. सात वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, त्याआधीची दोन वर्षं निळा धूर मारायची आणि ऑईल प्यायची म्हणून बाबांनी चालवायची सोडली, पण विकायचं नाव कधी काढलं नाही. लहानपणी टाकीवर बसून याच गाडीवरून शाळेत गेलोय त्यामुळे इंजिन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, स्वतः बांधायचं असं ठरवलं. शेती करतो आणि जोडीला पाण्याच्या मोटारी, पंप दुरुस्त करतो, म्हणजे पाना-बेअरिंगची सवय आहे पण मोटारसायकलचं इंजिन पूर्ण खोलायची ही पहिलीच वेळ.

आता सगळं टेबलावर आहे. चेंबरचे (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ती पेटी) दोन भाग वेगळे, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) बाहेर, गिअर सेट जसा निघाला तसा दोरीत ओवून ठेवलाय. ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग) लेथवाल्याकडे रिबोअरला, म्हणजे झिजलेलं भोक मोठं करायला टाकलाय, ०.२५ मिमी मोठ्या पिस्टनमध्ये बसत नाही म्हणाला, ०.५० चा पिस्टन आणायला सांगितलाय. परवा मिळेल.

घाण इतकी आहे की काय सांगू. चेंबरच्या तळाशी गुळाच्या काकवीसारखा काळा थर बसलाय, बोट घातलं तर निघत नाही. हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्हवर कार्बनचे पोपडे. क्लचच्या बाजूच्या झाकणाला आतून तपकिरी लाखेसारखं काहीतरी चिकटलंय ते नखाने पण निघेना. आणि आधी कोणीतरी इंजिन खोलून राखाडी सीलंट भरपूर फासलेलं दिसतंय, त्याच्या वाती आत लोंबत होत्या.

तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. गावातला मेकॅनिक म्हणतो पेट्रोल आणि ब्रश, विषय संपला. ट्रॅक्टर गॅरेजवाले म्हणतात आमच्या कॉस्टिकच्या टाकीत रात्रभर टाक, सकाळी कोरं करकरीत निघेल. आणि एका मित्राने ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ करणं) करून आणलेल्या चेंबरचे फोटो पाठवलेत, दिसायला खरंच नवीन वाटतं. रॉकेल तर आता आमच्याकडे मिळतच नाही.

मला मुख्य विचारायचंय ते क्रँकचं. ती डिझेलमध्ये बुडवावी का नाही? बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) खेळ नाही, वर-खाली ओढून बघितली, आवाजही नाही, त्यामुळे ती तशीच वापरायची आहे. आणि रिबोअर झालेला ब्लॉक लेथवाला धुऊन देतो म्हणतोय तर मग मी परत धुवायची गरज आहे का? घाई नाही, सगळं नीट करायचंय. माहितगारांनी सांगा.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

भावा, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण माझं रोजचं काम तेच हाय, बावीस वर्षं बोअर आणि होनिंग (बोअर आतून दगडाने घासून शेवटचा हात मारणं) करतोय.

लेथवाल्याने धुऊन दिला तरी तू परत धुवायचाच. आणि पेट्रोल-डिझेलने नाही, गरम पाणी आणि साबणाने. हे ऐकून लोक दचकतात, इंजिनात पाणी कसं घालायचं म्हणून, पण कारण ऐक. होनिंगचा दगड म्हणजे घासणाऱ्या कणांचाच बनलेला असतो, काम करताना ते कण सुटतात आणि बिडाचा बारीक कीस पण सुटतो. होनिंगनं स्लीव्हवर ज्या तिरक्या रेघा पडतात त्या मुद्दाम पाडलेल्या असतात, त्यात ऑईल थांबावं म्हणून. आता त्याच रेघांच्या खाचेत हे कण जाऊन बसतात. पेट्रोल मारलं की वरचं ऑईल विरघळून वाहून जातं, बोअर चकाचक दिसतो, पण खाचेतला कण जागचा हलत नाही. साबणाचा फेस आणि ब्रश मिळून तो कण उचलतात आणि पाणी त्याला घेऊन जातं. राहिला तर काय होतं? नवीन रिंगा आणि तो कण मिळून पहिल्या काही तासांतच पॉलिश पेपरचं काम करतात. मग लोक म्हणतात पिस्टन किट डुप्लिकेट निघालं.

पद्धत सांगतो. भांड्याचं लिक्विड घे, कपड्याची पावडर नको. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम. बाटली धुवायचा नायलॉनचा कडक ब्रश मिळतो तो घे आणि आतून खाली-वर आणि गोल असा घास, चांगली पाच-सात मिनिटं, मग ओत, परत नवीन पाणी, परत घास. नंतर पांढऱ्या बनियनचा तुकडा घ्यायचा, त्याला थोडं स्वच्छ ऑईल लावायचं आणि बोअरमध्ये दाबून फिरवायचा. राखाडी आला की परत धुवायचा. माझ्याकडे तिसऱ्या वेळेला सहसा पांढरा निघतो, कधी चौथी पण लागते. कापड पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. आणि पांढरं निघालं की लगेच कोरडा करून ऑईल चोपडायचं, लगेच म्हणजे त्याच मिनिटाला, उघड्या बिडाला पाणी लागलेलं असतं त्यामुळं तांबूस व्हायला वेळ लागत नाही.

ब्लॉकच्या स्टडच्या (ब्लॉक आणि हेड धरणारे लांब बोल्ट) भोकांतून पण ब्रश घाल. या इंजिनात हेडला जाणारं ऑईल एका स्टडभोवतीच्या पोकळीतनं वर चढतं, त्या भोकात जुन्या सीलंटची वात अडकलेली असली तर वॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर कोरडे पडतात. तू म्हणालास तशा वाती होत्या म्हणून मला ही भीती जास्त वाटते. हेडचे नट आणि वॉशर ज्या जागचे त्या जागी परत जायला पायजेत, ते पण वेगळे मांडून ठेव.

एक विचारायचं राहिलं. क्लचच्या बाजूला क्रँकच्या टोकाला जो गोल डबा हाय, झाकण लावलेला, तो उघडलास का?

आयटीआय_ताई (नागपूर)

दादा, कॉस्टिकच्या टाकीत अजिबात टाकू नका. हात जोडून सांगते.

ट्रॅक्टरवाले खोटं बोलत नाहीयेत, त्यांचे ब्लॉक आणि हेड बिडाचे असतात, बिडाला कॉस्टिक चालतं आणि तेलकट घाण, रंग सगळं सोलून काढतं. पण तुमचं चेंबर, हेड, साईडची झाकणं सगळं ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, तो ॲल्युमिनियमला चक्क खातो, बुडबुडे येतात ना ते हायड्रोजनचे असतात, आणि तो पेट घेणारा वायू आहे. रात्रभर ठेवलं तर सकाळी बेअरिंगच्या जागा ढिल्या झालेल्या, पॅकिंगचे फेस खडबडीत, आट्या झिजलेल्या आणि सगळा पार्ट काळपट. ते परत भरून येत नाही. मी विद्यार्थ्यांना जुन्या पिस्टनचा तुकडा कॉस्टिकच्या पाण्यात टाकून दाखवते, झाकण उघडं ठेवून आणि लांबून, एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाहीत. संडास धुवायचं ॲसिड पण तसंच, कोणी सुचवलं तर ऐकू नका. कोल्हापूरच्या दादांनी कपड्याची पावडर नको म्हटलं ते पण याच कारणाने, त्यात धुण्याचा सोडा असतो, गरम पाण्यात ॲल्युमिनियम काळवंडतं.

काकवीसारख्या थरासाठी डिझेल सगळ्यात सोयीचं. रुंद पत्र्याच्या डब्यात चेंबर अर्धा दिवस भिजत ठेवा, मग रंगाचा जुना ब्रश कापून आखूड केला की कडक होतो, त्याने घासा. पहिलं डिझेल घाणीचं, दुसरं स्वच्छ. त्यानंतर मात्र साबणाच्या गरम पाण्याने डिझेलचा तेलकटपणा काढा नाहीतर सीलंट धरत नाही. झाकणाचा तपकिरी लाखेसारखा थर म्हणजे जळलेल्या ऑईलचा वार्निश आहे, तो डिझेलने निघणार नाही, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून दहा मिनिटं ठेवून पुसा, दोन-तीन वेळा करावं लागेल. थोडा डाग राहिला तरी काही बिघडत नाही हो, तो चिकटलेला आहे, सुटून कुठे जाणार नाही. जे सुटू शकतं त्याच्या मागे लागा.

जुनं पॅकिंग आणि सीलंट काढताना ड्रिलला घासणीची चकती लावून फेस साफ करतात काही जण. फेस सुंदर होतो पण त्या चकतीतले कण हेच मुळी घासायचे कण आहेत, ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं त्यात, ते उडून सगळ्या भोकांत जातात आणि बेअरिंगचा घास घेतात. भांड्याची हिरवी घासणी पण त्याच जातीची. थिनरने भिजवून, ब्लेड आडवं धरून सावकाश काढा, वेळ लागतो.

नवीन पिस्टन घेताय म्हणजे पिस्टनचा कार्बन काढायचा प्रश्न नाही. वॉल्व्ह जुनेच वापरणार असाल तर दांड्याला खूण करून ठेवा, इनटेक कुठला एक्झॉस्ट कुठला ते आकारावरून कळतंच, पण स्प्रिंग आणि कॉटर पण ज्याचे त्यालाच जायला हवेत. कार्बन बांबूच्या चपट्या कामट्याने खरवडायचा, स्क्रू ड्रायव्हरने हेडला ओरखडे पडतात आणि ओरखड्यात कार्बन पुढच्या वेळी लवकर धरतो. सीटवर पेस्ट लावून वॉल्व्ह घासले की ती पेस्ट शंभर टक्के निघाली पाहिजे, गाईडच्या आत पण ब्रश घालून. मग वॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता, पाच मिनिटांत खाली थेंब आला नाही तर सीट बरोबर.

पेट्रोलवरून आठवलं. तुम्ही जे काय पेट्रोलने कराल ते अंगणात, उघड्यावर. बाथरूममध्ये पाणी सोयीचं असतं म्हणून लोक तिथे बसतात आणि भिंतीवर गॅस गीझर असतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. हातमोजे घाला. डोळ्यांना चष्मा, एअर मारताना तर हवाच.

जय_गॅरेज (बारामती)

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, एवढं करायची गरज नाही. तीस वर्षं झाली गॅरेजला, सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन किती बांधल्या मोजल्या नाहीत. पेट्रोल मारायचं, ब्रश मारायचा, एअर मारायची, ऑईल लावायचं, बांधायचं. बोअर साबणाने कधी धुतला नाही आणि एक गाडी उलटी आली नाही. गिऱ्हाईक सकाळी गाडी टाकतं संध्याकाळी मागतं, तीन-तीन वेळा धुवायला वेळ कोणाकडं आहे. कॉस्टिकचं ताई बोलल्या ते बरोबर आहे, ॲल्युमिनियम टाकायचं नाही.

आरएक्स_चिपळूण

ब्लास्टिंगबद्दल मी लिहितो कारण ते मी भोगलंय.

माझी यामाहा आरएक्स १००, ९८ सीसी टू स्ट्रोक. २०१९ मध्ये पूर्ण इंजिन काढलं, चेंबर एका ठिकाणी काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करायला दिले. मणी म्हणजे साखरेपेक्षा बारीक. परत आले तेव्हा चांदीसारखे, मी फोटो काढत बसलो. बेअरिंगच्या जागा आणि पॅकिंगचे फेस झाकून मारायला सांगितलं होतं, झाकलं नव्हतं. मी पेट्रोलने धुतले, एअर मारली, दिसायला एक कण नव्हता. क्रँक नवीन बेअरिंग टाकून बसवली, इंजिन बांधलं, गाडी अशी पळाली की विचारू नका.

चारशे किलोमीटरच्या आसपास क्रँकमधून कुरकुर सुरू झाली, आठवड्यात ती खडखडाट झाली. खोललं तर बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे, आणि उन्हात धरलं तर आतल्या ऑईलमध्ये काहीतरी चमकत होतं. ते मणी. आले कुठून? स्टडच्या आट्यांतून. आटी असलेलं भोक खाली बंद असतं, त्यात मणी जाऊन ठासून बसतात, वरून एअर मारली तर अजून खाली दाबले जातात. नंतर इंजिन तापलं, चेंबर फुगलं, थरथर होती, तसे एकेक सुटत गेले. आमच्या टू स्ट्रोकला तर ऑईल फिल्टर नावाचा प्रकारच नसतो, क्रँकला पेट्रोलबरोबर येणारं ऑईल तेवढंच, त्यामुळे सुटलेला कण थेट बेअरिंगमध्ये. क्रँक, बेअरिंग, सील, पिस्टन सगळं परत. पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं ते क्रँकचं, ती कंपनीची मूळ होती.

आता चेंबर बाहेरून चमकवायचेच असतील तर आधी आतली सगळी तोंडं बंद करून, आट्यांत जुने बोल्ट पिळून, फक्त बाहेरून करून घेतो. आणि आल्यावर प्रत्येक आटीत टॅप फिरवून, कार्बोरेटर क्लीनरच्या बारीक नळीने तळापासून धुतो, म्हणजे घाण बाहेरच्या दिशेने येते. वाईकर, तुम्हाला माझं सांगणं एवढंच की आतून ब्लास्टिंग नको. आतला भाग राखाडीच दिसू दे, तिथे ऑईलशिवाय बघायला कोणी जात नाही.

अजून एक, कोल्हापूरकर लगेच ऑईल लावा म्हणाले ते आमच्या कोकणात तर जीव की प्राण समजा. जुलैत मी ब्लॉक धुऊन ठेवला, फोन आला म्हणून आत गेलो, परत आलो तर बोअरला तांबूस झाक आली होती. परत होनिंगला नेला. तुमच्या वाईला हवा आमच्या मानाने कोरडी असते, तरी उशीर नको.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

जय गॅरेज दादा, तुमच्या हाताखालून गेलेली इंजिनं माझ्यापेक्षा जास्त असतील, वाद घालत नाही. पण उलटी गाडी येत नाही याचं कारण मी सांगू का, हा त्रास पहिल्या महिन्यात दिसतच नाही. गाडी सुरू होते, पळते, गिऱ्हाईक खूश. तीस-चाळीस हजार किलोमीटर जायला पायजे ते किट पंधरा हजारात ऑईल प्यायला लागतं आणि तोवर कोणाला आठवतंय धुतलं कशानं होतं. तुमच्या इथं उद्या जो ब्लॉक होनिंगवरून येईल तो नेहमीसारखा पेट्रोलने धुवा आणि बांधायच्या आधी फक्त पांढऱ्या कापडाला ऑईल लावून आतून फिरवा. बाकी काही म्हणणं नाही.

वाईकर_९३

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कॉस्टिक आणि ब्लास्टिंग दोन्ही रद्द.

कोल्हापूरकर दादा, तो गोल डबा. नव्हता उघडला. मला वाटलं ते क्रँकचं वजन असेल. तुमचं वाचून गेलो, झाकणाचे स्क्रू हलेनात, डोकी जायला लागली तेव्हा थांबलो आणि पंपाच्या कामाचा हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, दोन ठोक्यात सुटले. आत काय असेल, काळी पेस्ट, पूर्ण कडेने बोटभर जाड नसली तरी अर्ध्या बोटाएवढी सहज, वाळलेल्या मातीसारखी, सुरीने कापली तर वडी पडेल अशी. मधे फक्त वाट राहिली होती. मॅग्नेट लावला तर त्यातलं बरंचसं ओढलं गेलं, म्हणजे लोखंडाचा कीस. हे नक्की काय आहे? आणि आता ही साफ करताना क्रँकमध्ये घाण जाणार नाही ना, क्रँकच्या टोकाला एक भोक दिसतंय.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

शाब्बास, हेच पायजे होतं.

तो तुझ्या गाडीचा ऑईल फिल्टर हाय. या ९७.२ सीसीच्या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. तळाशी एक जाळी असते ती मोठा कचरा अडवते, आणि बारीक घाणीसाठी हा फिरता डबा. क्रँकबरोबर तो गरगर फिरतो, त्यातनं ऑईल जाताना जड कण बाहेरच्या भिंतीकडं फेकले जातात आणि तिथंच चिकटतात, मधलं स्वच्छ ऑईल क्रँकच्या भोकातनं बिग एंडला जातं. विहिरीवरच्या रहाटासारखी साधी गोष्ट, पण जपान्यांनी फार विचार करून केलेली हाय. फक्त अट एक, कोणीतरी तो मधनंअधनं उघडून साफ केला पायजे. आणि उघडायला क्लचचं पूर्ण झाकण काढावं लागतं, पॅकिंग फाटतं, म्हणून ऑईल बदलताना कोणी करत नाही. सात-आठ वर्षं नाही, मला वाटतं कंपनीतनं निघाल्यापासून तो उघडला नसेल. १९९३ पासूनचा सगळा कीस तू आज बघितलास.

आता साफ करताना. तू म्हणतोस ते भोक बरोबर ओळखलंस, ती क्रँकची ऑईलची वाट. आधी त्यात स्वच्छ कापडाची घट्ट गुंडाळी बसव, ग्रीस लावून. मगच खरवडायला घे, लाकडाची चपटी काडी घे, डिझेलचा ब्रश, आणि पार्ट असा धर की घाण खाली पडेल. एअर मारायची नाही भोक बंद केल्याशिवाय, एअरने घाण थेट बिग एंडमध्ये जाते.

क्रँक बुडवायची नाही. कारण घाणेरड्या डिझेलमध्ये बुडवली की बिग एंडच्या रोलरमध्ये तीच घाण शिरते आणि ही क्रँक दाबून बसवलेली असते, खोलून साफ करता येत नाही, प्रेसवर न्यावी लागते. बाहेरून ब्रशने धू, कनेक्टिंग रॉड वर धरून. शेवटी भोकातली गुंडाळी काढ, ऑईल कॅन घे, नोजल भोकाला लावून स्वच्छ डिझेल दाबून सोड, बिग एंडच्या बाजूनं बाहेर येईल. पहिलं काळं येईल. स्वच्छ येईपर्यंत सोड, रॉड हळूहळू फिरवत. मग तसंच नवीन इंजिन ऑईल सोड, बाहेर ठिबकेपर्यंत. बेअरिंगांना एअर मारून गरगर फिरवायचा मोह होतो, आवाज मजेशीर येतो, करू नको, कोरडं बेअरिंग त्या वेगानं फिरलं की खरचटतं.

चेंबरच्या आत ऑईलच्या वाटा हायत त्यांत क्लच केबलची जुनी तार घाल, टोक थोडं उसवून ब्रशसारखं केलं की छान काम करतं. पण बाहेर काढल्यावर तारा मोजल्यासारखं बघ, एक तुटून आत राहिली तर सगळी मेहनत गेली. एका बाजूनं कार्बोरेटर क्लीनर मारायचा आणि दुसऱ्या बाजूनं धार येते का बघायची, इकडून जेवढ्या जोरात मारली तेवढ्या जोरात धार तिकडं आली तरच वाट मोकळी समजायची. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नको, धागे सुटतात आणि तळाच्या जाळीवर जाऊन बसतात. जुनं धुतलेलं सुती कापड.

आयटीआय_ताई (नागपूर)

यात थोडी भर. रबरी ऑईल सील, ओ-रिंग, टायमिंग चेनच्या टेन्शनरचं रबर हे काही पेट्रोल-डिझेलमध्ये भिजवू नका, फुगतं. सील तर सगळे नवीनच टाका, एवढं खोललंय तर. क्लचच्या प्लेटा पण बुडवायच्या नाहीत, नुसत्या पुसा आणि बसवायच्या आधी इंजिन ऑईलमध्ये तास-दोन तास ठेवा. मॅग्नेटचं कॉइल कोरड्या ब्रशनेच.

सीलंट तुम्ही लावाल तेव्हा केसासारखी पातळ रेघ पुरते. बाहेर जेवढं दाबून निघालेलं दिसतं तेवढंच आत पण लोंबत असतं, त्या वाती तुम्ही स्वतः बघितल्या आहेत.

आणि वापरलेलं डिझेल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास टाकू नका. कॅनमध्ये दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं परत धुवायला चालतं.

जय_गॅरेज (बारामती)

उद्यमनगर, आज एका स्प्लेंडरचा ब्लॉक होनिंग होऊन आला. पेट्रोल मारलं, एअर मारली, नेहमीसारखं. मग तुमच्या सांगण्यावरून बनियनचं कापड फिरवलं. काळपट राखाडी आलं आणि कापडावर बोट फिरवलं तर खरखर लागली. पोराला गरम पाणी करायला सांगितलं. तीन पाण्याला कापड पांढरं निघालं, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. इथून पुढं तसंच करणार. तीस वर्षं केलं नाही याचं वाईट वाटलं पण लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय, मी वर गरज नाही म्हणालो होतो आणि वाचून कोणीतरी तसंच करेल.

वाईकर, तुम्हाला एक माझ्याकडून. इंजिन बांधून झालं की लगेच स्टार्ट करू नका. प्लग काढा, पण प्लग त्याच्या कॅपमध्येच ठेवून हेडला टेकवून ठेवा म्हणजे करंटला वाट राहते. टॅपेटची झाकणं उघडी ठेवा आणि किका मारत राहा, सावकाश. वर रॉकरपाशी ऑईल आलेलं डोळ्याने बघायचं, मगच प्लग लावायचा. ऑईल आलं नाही तर कुठंतरी वाट बंद आहे, परत खोलायचं, पण स्टार्ट करायची नाही.

वाईकर_९३

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, अठरा दिवस झाले मधे, ऊसतोड आली त्यामुळे वेळ मिळेना.

ब्लॉक लेथवाल्याने "धुतलाय" म्हणून दिला. पहिल्या कापडाचा फोटो काढून ठेवलाय, राखाडी. चार पाणी लागली मला. आईने पाणी तापवून दिलं चुलीवर, विचारत होती भांडी एवढी कधी घासली नाहीस. चेंबर दोन दिवस डिझेलमध्ये, मग साबण, मग उन्हात. क्रँकमधून पहिलं डिझेल शाईसारखं काळं आलं, साधारण अर्धा लिटर सोडल्यावर स्वच्छ यायला लागलं. स्टडच्या ज्या भोकाबद्दल कोल्हापूरकर दादांनी सांगितलं होतं त्यात खरंच सीलंटचा बोळा होता, वाटाण्याएवढा. तारेने निघाला. तो तसाच राहिला असता तर मी इंजिन बांधून स्टार्ट केलं असतं आणि कॅम गेला असता.

परवा इंजिन बांधून झालं. प्लग काढून किका मारल्या, वीस झाल्या, तीस झाल्या, काही नाही. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, म्हणाले मार अजून. चाळीसच्या पुढे गेल्यावर एक्झॉस्टच्या टॅपेटपाशी आधी ओलं दिसलं आणि मग ऑईल हळूहळू खाली ओघळलं. बाबांनी बोट लावून बघितलं आणि ऑईल अंगठ्यावर चोळून बघितलं, खरखर लागते का म्हणून.

साठ किलोमीटर झालेत. पहिलं ऑईल आज गरम असताना काढलं, पांढऱ्या ताटात गाळलं, मॅग्नेटला अगदी धुरळ्यासारखा कीस आला, तुकडा एकही नाही. धूर नाही. एक शंका, दुसरं ऑईल किती किलोमीटरला बदलू?

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

पाचशेला. आणि तो डबा आता दहा-बारा हजाराला उघडत जा, पॅकिंग आत्ताच एक जास्तीचं आणून ठेव.